वाळवंटातल्या कमानी पाणी कोरतं

अमेरिकेतल्या यूटा राज्यात आर्चेस नॅशनल पार्कमध्ये 2000हून जास्त नैसर्गिक कमानी आहेत. त्या वाऱ्याने कोरल्या असं बहुतेकांना वाटतं. वाऱ्याचा वाटा थोडाच. मुख्य काम पाण्याचं, तेही वर्षाला जेमतेम 200 ते 250 मिलिमीटर पाऊस पडतो अशा जागी.

सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी इथला समुद्र आटत गेला आणि मिठाचे जाड थर साचले. त्यांच्यावर पुढे वालुकाश्म चढला. एवढ्या भाराखाली मीठ हळूहळू सरकतं आणि दाब कमी असेल तिथे फुगतं. त्या फुगवट्याने वरच्या खडकाला समांतर भेगा पडल्या. पाण्याने त्या रुंदावल्या आणि मधे उंच, अरुंद भिंती उरल्या. वालुकाश्माचे कण चुन्याने सांधलेले असतात. पावसाचं किंचित आम्लयुक्त पाणी तो चुना विरघळवतं. हिवाळ्यात भेगेतलं पाणी गोठून 9 टक्के फुगतं आणि कपचे उडतात. भिंतीच्या पायथ्याशी ओल जास्त टिकते, म्हणून पोकळी आधी तिथे पडते, मग आरपार भोक.

एवढं पोखरूनही कमान उभी कशी राहते? याचं सुरेख उत्तर प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या यिर्झी ब्रूथान्स आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दिलं. ठिसूळ वालुकाश्माचे ठोकळे त्यांनी वजनाखाली ठेवून पाण्यात बुडवले. भार न पेलणारे कण सुटून गेले. ठोकळा बारीक होत गेला तसा उरलेल्या भागावरचा दाब वाढला, कण एकमेकांत घट्ट अडकले आणि झीज मंदावली. म्हणजे कमानीला तिचं वजनच सांभाळतं!

मर्यादेपर्यंतच, अर्थात. 1991 मध्ये लँडस्केप आर्चचा सुमारे 18 मीटर लांबीचा पापुद्रा निखळला. तिच्याखालची वाट तेव्हापासून बंद आहे. वॉल आर्च ऑगस्ट 2008 मध्ये रात्रीत कोसळली. त्यामुळे कमानीच्या सावलीत दुपार काढायचा मोह टाळावा.

मुक्कामासाठी पार्कमधला डेव्हिल्स गार्डन हा तंबूतळ उत्तम. मार्च ते ऑक्टोबरच्या जागांचं आरक्षण सहा महिने आधी खुलं होतं आणि त्या लगेच भरतात. माणशी रोज किमान 4 लिटर पिण्याचं पाणी धरा, आणि जाड झोपण्याची पिशवी घ्याच. कोरड्या हवेत जमिनीची उष्णता झपाट्याने निसटते आणि रात्र बोचरी होते. तंबूच्या बारीक खुंट्या वाळूत वाऱ्याच्या पहिल्या झोताला उपटतात. रुंद, पन्हळीच्या आकाराच्या खुंट्या न्या, तंबूपासून बाहेर कलत्या ठोका. शेवटची खुंटी बसेपर्यंत तंबूत सामान ठेवून त्याला भार द्या.

पाऊल कुठे टाकता हे इथे फार महत्त्वाचं आहे. झुडपांमधली काळपट, खडबडीत, फुगीर दिसणारी माती जिवंत असते. नीलहरित जीवाणूंचे चिकट धागे वाळूचे कण बांधून ठेवतात. सोबत दगडफूल आणि शेवाळ वाढतं. हा थर पाणी धरतो, नत्र पुरवतो. एका बुटाखाली तो चुरला की सावरायला अनेक वर्षं लागतात. चालायचं ते आखलेल्या वाटेने. वाट नसेल तिथे उघड्या कातळावरून किंवा कोरड्या ओढ्याच्या पात्रातून.

त्याच पात्रात रात्री झोपू मात्र नये, आकाश निरभ्र असलं तरी. कातळ पाणी जिरवत नाही. कित्येक किलोमीटर वर पडलेली सर काही मिनिटांत लोंढा होऊन येते. काठावर अडकलेल्या काटक्या दिसल्या तर मागचा लोंढा तिथवर चढला होता असं समजा, आणि तंबू त्याहून बराच वर लावा.