व्हीगन ताटाआधीचा नारळाचा रस

वांद्रे, वर्सोवा, लोअर परळ. मुंबईच्या या भागांतल्या हॉटेलांच्या मेनूकार्डावर आता ‘व्हीगन’ नावाचं वेगळं पान दिसतं. त्यावर कच्च्या फणसाची बिर्याणी असते, नारळाच्या दुधातली करी असते, काजूपासून केलेलं चीज आणि कोकमाचं पेयही असतं. फणस, नारळ, काजू, कोकम. वेंगुर्ल्याच्या माणसाला यातला एकही जिन्नस नवा नाही. नवा आहे तो शब्द, आणि त्या शब्दामागचा विचार.

शब्दाचा जन्म 1944 सालचा. इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या काही सोबत्यांनी त्या वर्षी नोव्हेंबरात ‘व्हीगन सोसायटी’ स्थापन केली. मांस सोडूनही दूध, लोणी, अंडी खाणाऱ्या शाकाहाऱ्यांपासून आपलं वेगळेपण सांगायला त्यांना नाव हवं होतं. प्राण्याकडून काहीच घ्यायचं नाही, मधसुद्धा नाही, ही त्यांची भूमिका. 1 नोव्हेंबर हा जागतिक व्हीगन दिन 1994 पासून पाळला जातो, आणि जानेवारी महिनाभर असं खाऊन बघण्याची ‘व्हीगन्युअरी’ मोहीम ब्रिटनमध्ये 2014 साली सुरू झाली. तिथून हा शब्द मोबाइलवरून आपल्याकडे आला, आणि पदार्थ मागवायच्या अ‍ॅपमध्ये जाऊन बसला.

पण दुधाबद्दलची शंका आपल्याकडे त्याआधीची आहे. गायी-म्हशींकडून जास्त दूध काढण्यासाठी केला जाणारा ‘फुंका’ हा क्रूर प्रकार वाचून गांधीजींनी 1912 साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं. पुढे आजारपणानंतर मुंबईत डॉ. दलालांनी दुधाचा आग्रह धरला, तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली: व्रत गायी-म्हशीच्या दुधाचं आहे, शेळीच्या नव्हे. गांधीजींनी ते मानलं, पण व्रताचा शब्द पाळला आणि आशय मोडला ही बोच त्यांना कायम राहिली. मुंबईतल्या या विचाराचा इतिहास लिहायचा तर मी तरी आजारी माणसाच्या त्या खाटेपासून सुरुवात करीन.

आपल्या देशात ‘शाकाहारी’ म्हटलं की दूध आलंच. 2001 पासून पाकिटावर येऊ लागलेला हिरवा ठिपका तूप, पनीर, खवा या सगळ्यांवर असतो. म्हणून दूध न घेणाऱ्याला तो ठिपका पुरत नाही. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने 2021 साली व्हीगन पदार्थांसाठी स्वतंत्र हिरवं चिन्ह जाहीर केलं आणि 2022 साली त्याचे नियम आले. त्याच सुमारास सोया किंवा बदामाच्या पेयांना ‘दूध’ म्हणायचं नाही, असंही प्राधिकरणाने बजावलं. अपवाद ठेवला तो पूर्वापार वापरामुळे ज्यांचा अर्थ स्पष्ट आहे अशा नावांचा, आणि त्यात नारळाचं दूध आहे. युरोपच्या न्यायालयाने 2017 साली असाच निकाल दिला, तेव्हा तिथल्या अपवादांच्या यादीतही नारळाचं दूध होतंच. गंमत वाटावी अशी गोष्ट, पण मला तिचा अभिमान वाटतो. आमच्या कोकणात तर त्याला दूध म्हणायचीही गरज पडली नाही. आम्ही ‘रस’ म्हणतो. पहिला जाड रस, दुसरा पातळ रस.

या रसाला कोकणात एवढं मोठं स्थान का मिळालं, ते बघायला हवं. इथे तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस. जांभ्याच्या कातळावर गवत उगवतं ते चार महिने, नंतर सगळं सड्यावर वाळून जातं. इथली गाय लहान चणीची, डोंगर चढणारी, दूध थोडं देणारी. ते दूध वासराला, तान्ह्या मुलाला, आजाऱ्याला आणि चहाला. आजही सिंधुदुर्गातल्या कित्येक गावांत सकाळचं पिशवीचं दूध कोल्हापूरकडून घाट उतरून येतं. माड मात्र परसात उभा. आडाळ्यावर नारळ किसायचा, पाट्यावर वाटायचा, पिळायचा. खीर करायची तर ती या रसात. घावन-घाटलं, रसातले शिरवाळे, खापरोळी, बरक्या फणसाची सांदणं, तवसाळं. यांतल्या कशातही मुळात दूध नाही. यामागे तत्त्व नव्हतं, होती फक्त भूगोलाची अडचण. त्या अडचणीतून बायकांनी एक पूर्ण स्वयंपाक उभा केला, आणि तो दुधाला पर्याय म्हणून नव्हे, स्वतःच्या चवीवर उभा राहिला. म्हणून काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर आंबोळी खाणाऱ्याला ताटात काही कमी आहे असं वाटत नाही.

कोकण शाकाहारी होतं, असं मात्र कुणी समजू नये. ताटात मासळी नसली तर घरातलं माणूस रुसतं, असा हा प्रदेश. पण सोमवार, संकष्टी, श्रावण, गणपती या दिवसांत जेवण ‘शिवराक’, म्हणजे मांस-मासळीविना, आणि शिवराकाला स्वतःची शान असते. ओल्या काजूगरांची उसळ, फणसाच्या कुयरीची भाजी, वालाचं बिरडं, पावसाच्या तोंडावर टाकळा, कुर्डू, भारंगी. भाद्रपदात ऋषिपंचमीला तर बैलाच्या कष्टाचं खायचं नाही हा नियम. नांगरलेल्या शेतातलं धान्य वर्ज्य. अळू, सुरण, माठ, दोडका, भोपळा असं परसातलं, हाताने लावलेलं तेवढं एकत्र शिजतं. जनावराच्या श्रमाचा एका दिवसापुरता का होईना हिशेब ठेवणारी ही भाजी आहे. व्हीगन विचाराची चर्चा आपल्याकडे होते तेव्हा तिचं नाव निघत नाही, याचं मला वाईट वाटतं.

बरं, हा रस एकट्या हिंदू घरांचा नाही. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, असं कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायली, सांगत आले. कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या रायगडच्या, गावांतून ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांच्या धर्मात मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. पण नारळाचा रस चालतो. मग सालनात रस, आणि नव्या वर्षाचा हलवाही रसातलाच, म्हणजे मांसाच्या जेवणावर गोड खाताना नियम मोडत नाही. ही मंडळी मुंबईत आली आणि सॅम्युअल इझिकिएल दिवेकर यांनी 1796 साली मांडवीत सिनेगॉग हे प्रार्थनास्थळ बांधलं. तेव्हा त्यांच्याबरोबर हा स्वयंपाकही शहरात आला. कोकणी मुसलमानांच्या घरी सांदणाबरोबर नारळाचं गोड दूध. गोव्याकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळचं दोदोल: तांदळाचं पीठ, माडाचा काळा गूळ आणि पुन्हा रस. एक नियम धर्मग्रंथाचा, एक सवय परसातल्या माडाची, एक चव सणाची, पण तिन्ही घरी नारळ वाटलेलाच. मुंबईला बहुरंगी म्हणतात ते खरं करायचं तर हे तिन्ही पाट मांडून बघावेत. काजू तर मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांबरोबर आलेला. मिरचीही त्यांच्याबरोबरच आली.

मग मुंबईत दूध न घेणारा माणूस अडतो कुठे? इथे शहराच्या दुधाची गोष्ट येते. वस्तीतले गोठे हलवण्यासाठी गोरेगावला आरे वसाहत 1949 साली उभी राहिली. आणंदहून दूध येऊ लागलं. 1970 साली ‘दूध महापूर’ योजना सुरू झाली, तिच्या पहिल्या टप्प्यात मुंबई होतीच. 1998 पर्यंत भारत जगात सर्वांत जास्त दूध उत्पादन करणारा देश झाला. फाळणीनंतर आलेल्या पंजाबी कुटुंबांबरोबर पनीर, मखनी, मलई हॉटेलांत रुळली होतीच, आता कच्चा मालही भरपूर मिळू लागला. हळूहळू ‘व्हेज’ म्हणजे पनीर असं समीकरण झालं. गिरणगावात मात्र वेगळं चाललं होतं. रत्नागिरीकडचे गिरणी कामगार ज्या खानावळींत जेवत, त्या चालवणाऱ्या बायका उसळ, आमटी, भात, मासळी वाढत. या बायकांना 1975 साली प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र केलं. 1982 च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या आणि त्या पंगतीही विरळ झाल्या. आज त्याच परळमध्ये बदामाच्या दुधाची कॉफी मिळते. मिळू दे, माझी तक्रार त्याबद्दल नाही. प्राण्यांचे हाल नकोत म्हणून दूध सोडणाऱ्या तरुणांबद्दल मला खरा आदर आहे. तक्रार एवढीच की त्यांना बदाम दाखवला गेला, कोकमाचा रातांबा नाही.

आणि रातांब्याचं झाड तर या पंक्तीत पहिलं बसावं असं. सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकमाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. सालीची आमसुलं, रसाचं आगळ, बियांच्या तेलाचं मुठेल. हे मुठेल थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावतात, आणि ते हाताच्या उष्णतेने मऊ होतं पण वाटीत घट्ट राहतं. याच गुणामुळे चॉकलेटमधल्या कोको बटरच्या जागी ते वापरता येतं. मे महिन्यात पाऊस येण्याच्या आत रातांबे काढून, फोडून, वाळवायची धावपळ बहुतेक बायकांच्या अंगावर पडते. पण मी पाहिलेल्या आगळाच्या घरगुती बाटल्यांवर व्हीगन चिन्ह अजून कुठे दिसलेलं नाही.

उलटी वाट मात्र सुरू झाली आहे. मालवणला पर्यटकांच्या शाकाहारी थाळीत पनीर शिरलंय, कारण पाहुणे तेच मागतात. शहरात तर नारळ वाचवायला सोलकढीत ताक घालणारे आहेत. दूध सोडलेली माझी भाची माझ्याबरोबर मालवणी हॉटेलात येते, तेव्हा आम्ही आधी विचारतो, “दादा, सोलकढी नारळाच्या रसाचीच आहे ना?” दादा थांबतात, आणि आत जाऊन विचारून येतात.