लिनक्सवर कंट्रोलर चालत नाही? घोडं कुठे पेंड खातंय ते आधी बघा

कंट्रोलर लावला, त्याचा लाईट लागला, पण गेममधलं कॅरेक्टर ढिम्म हलत नाही, की लगेच लोक ड्रायव्हर शोधायला लागतात, कुठून तरी चार कमांड कॉपी करून टर्मिनलमध्ये टाकतात आणि मग मूळ प्रॉब्लेम काय होता तेच कळेनासं होतं. लिनक्समध्ये याची खरंच गरज नसते. तुमचं बोट बटणावर पडल्यापासून गेमपर्यंत सिग्नल चार-पाच टप्प्यांतून जातो आणि प्रत्येक टप्प्यावर डोकावून बघायची सोय सिस्टीममध्येच आहे. सिग्नल कुठपर्यंत पोचतोय ते कळलं की अर्धं काम झालं.

सुरुवात केबलपासून करा. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन करंटच्या आणि दोन डेटाच्या, आणि नुसत्या चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये डेटाच्या तारा जोडलेल्याच नसतात. म्हणजे लाईट लागला याचा अर्थ करंट पोचला, एवढाच. टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ (lsusb) ही जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी कमांड कंट्रोलर लावायच्या आधी एकदा आणि लावल्यावर एकदा चालवा, यादीत एक ओळ वाढली पाहिजे. नाही वाढली तर सॉफ्टवेअरला हात लावू नका, केबल बदला, पोर्ट बदला.

त्या ओळीत दोन नंबर दिसतील, पहिला कंपनीचा, दुसरा मॉडेलचा. सोनीच्या ड्युअलसेन्सचा ०५४सी:०सीई६, एक्सबॉक्स ३६० च्या वायरवाल्या कंट्रोलरचा ०४५ई:०२८ई. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, या नंबरांवरून आणि उपकरण स्वतःबद्दल जे सांगतं त्यावरून ड्रायव्हर निवडतं. आता गंमत अशी की बरेच कंट्रोलर कीबोर्ड-माऊसच्याच एचआयडी स्टँडर्डने बोलतात, पण एक्सबॉक्स घराण्यातले यूएसबीवर तसं बोलत नाहीत, त्यांची भाषा वेगळी आहे. ती ‘एक्सपॅड’ नावाच्या ड्रायव्हरला कळते, तो २००२ पासूनचा आहे आणि त्याच्याकडे कंपन्यांच्या नंबरांची यादी असते. म्हणून एखाद्या नव्या कंपनीचा एक्सबॉक्स-टाईप कंट्रोलर जुन्या कर्नलवर एलएसयूएसबीमध्ये व्यवस्थित दिसतो पण त्याला ड्रायव्हरच मिळत नाही, कारण यादीत त्या कंपनीचा नंबर अजून आलेला नसतो. ड्युअलसेन्सचा अधिकृत ड्रायव्हर कर्नल ५.१२ मध्ये आला, निन्टेन्डोच्या प्रो कंट्रोलरचा ५.१६ मध्ये. त्यामुळे कर्नल कुठलं आहे ते ‘यूनेम -आर’ (uname -r) ने बघून घ्या, आणि कंट्रोलरला एकापेक्षा जास्त मोड असतील तर मोड बदलूनही बघा, कारण मोड बदलला की तो वेगळाच नंबर सांगायला लागतो.

पुढचा टप्पा माझ्या सगळ्यात आवडीचा, ‘इव्हटेस्ट’ (evtest). हा छोटा प्रोग्राम इन्स्टॉल करून सुडोने (sudo, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) चालवा, यादीतून कंट्रोलर निवडा आणि ए बटण दाबा. टाईप १, कोड ३०४, व्हॅल्यू १ अशी ओळ येते, बोट उचललं की तीच ओळ व्हॅल्यू ० घेऊन येते. लिनक्ससाठी तुमचं बटण म्हणजे एवढंच. स्टिक हलवली की टाईप ३ च्या ओळी धो धो येतात, एक्सपॅडवर उणे ३२७६८ पासून ३२७६७ पर्यंत, ड्युअलसेन्सवर ० ते २५५ आणि मध्ये साधारण १२८. स्टिकला हात न लावता आकडा मधल्यापासून बराच लांब जाऊन बसला असेल किंवा आपोआप सरकत असेल तर तो ड्रिफ्ट. बहुतेक स्टिकच्या आत घासणारे पोटेन्शिओमीटर असतात, ते झिजतात, आणि झीज कुठल्याच कमांडने भरून निघत नाही, फार तर गेममध्ये डेडझोन, म्हणजे मधल्या जागेभोवतीची दुर्लक्षित हालचाल, वाढवता येतो. एक अजून लक्षात ठेवा, ड्युअलसेन्ससारखा कंट्रोलर यादीत तीन-चार वेळा दिसतो, बटणं वेगळी, मोशन सेन्सर वेगळा, टचपॅड वेगळा. चुकून मोशन सेन्सर निवडला तर सेन्सरच्याच ओळी धो धो येतील, कितीही बटणं दाबा, बटणाची एकही ओळ येणार नाही.

इथे सगळं नीट दिसतंय, म्हणजे हार्डवेअर आणि ड्रायव्हर दोघेही सुटले. आता इव्हटेस्ट सुडोशिवाय चालवा. कंट्रोलर दिसेनासा झाला तर गोष्ट परवानगीची आहे. उपकरण जॉयस्टिक आहे हे यूडेव्ह, म्हणजे सिस्टीममधली उपकरणं सांभाळणारा प्रोग्राम, ओळखतं आणि मशीनसमोर बसून लॉगिन केलेल्या माणसाला ते वाचायची परवानगी मिळते, ओळखण्यात गडबड झाली की ती मिळत नाही. इथे कोणीतरी हमखास सांगतं की स्वतःला ‘इनपुट’ ग्रुपमध्ये टाका. कृपा करून नका टाकू. त्या ग्रुपला कीबोर्डसुद्धा वाचता येतो, म्हणजे तुम्ही चालवलेला कुठलाही प्रोग्राम तुमचे पासवर्ड टाईप होताना बघू शकतो. त्यापेक्षा ‘स्टीम-डिव्हायसेस’ सारखं यूडेव्हच्या नियमांचं पॅकेज टाका, ते फक्त कंट्रोलरपुरतं दार उघडतं. आणि गेम सुडोने चालवणं तर नकोच नको.

परवानगी पण आहे आणि तरी गेममध्ये बटणं उलटीपालटी होतायत, तर मॅपिंग, म्हणजे कुठलं बटण कशाचं ते जुळवणारी नोंद, बघा. बरेच गेम एसडीएल नावाच्या लायब्ररीतून कंट्रोलर वाचतात, ती प्रत्येक कंट्रोलरला एक लांबलचक ओळखक्रमांक देते, त्यावरून मॅपिंग शोधते, आणि त्या क्रमांकात तो यूएसबीने जोडलाय की ब्लूटूथने हेही धरलेलं असतं. त्यामुळे वायरने बरोबर चालणारा कंट्रोलर ब्लूटूथवर वेडीवाकडी बटणं दाखवतो यात नवल नाही, एसडीएलच्या दृष्टीने ती दोन वेगळी उपकरणं आहेत.

एकदा दाबलं की दोनदा उडी मारतोय? मग बहुतेक वेळा स्टीमचं, म्हणजे ज्यातून गेम घेता-चालवता त्या अ‍ॅपचं, काम असतं. स्टीम इनपुट, म्हणजे त्यातली कंट्रोलर सांभाळायची सोय, चालू असेल तर स्टीम स्वतःचा एक आभासी एक्सबॉक्स कंट्रोलर तयार करतं आणि गेमला खरा आणि आभासी दोन्ही दिसतात. त्या गेमपुरतं स्टीम इनपुट बंद करून बघा.

फ्लॅटपॅकवाला गेम असेल, म्हणजे सिस्टीमपासून वेगळ्या बंदिस्त जागेत (सँडबॉक्समध्ये) चालणारा, तर सँडबॉक्सला उपकरणांची परवानगी आहे का ते फ्लॅटसील या परवानग्या दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये तपासा. आणि ब्राऊझरमध्ये टेस्ट करत असाल तर आधी एखादं बटण दाबा, तोपर्यंत ब्राऊझर कंट्रोलर आहे हेच पेजला सांगत नाही, ते प्रायव्हसीसाठी मुद्दाम तसं ठेवलेलं आहे.