हृदय प्रत्यारोपण : अस्वीकार व प्रतिरक्षा-नियमन

दात्याचे हृदय बसवल्यानंतर ग्राहकाची प्रतिरक्षा यंत्रणा त्या ऊतकावर चालून येते, तो अस्वीकार. तिला आवर घालणाऱ्या शरीरातल्या व औषधी प्रक्रिया म्हणजे नियमन. वरुड-मोर्शीकडे जंबेरीच्या खुंटावर भरलेला संत्र्याचा डोळा बहुधा एकजीव होतो, कारण रक्तातून फिरत परके हुडकणाऱ्या पेशी झाडात नसतात. माणसात ग्राहकाच्या टी पेशी (परके ओळखून हल्ला करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) दात्याची एचएलए प्रथिने, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, दोन वाटांनी ओळखतात : हृदयाबरोबर आलेल्या दात्याच्या पेशींवर थेट, किंवा ग्राहकाच्याच पेशींनी त्या प्रथिनांचे तुकडे समोर मांडल्यावर. दीर्घकालीन अस्वीकारात दुसरी वाट अधिक महत्त्वाची मानतात.

ग्राहकाच्या रक्तात दात्याविरुद्ध आधीच प्रतिपिंडे (परक्याला चिकटणारी प्रथिने) असल्यास हृदय काही मिनिटांत वा तासांत निकामी होते. तीव्र अस्वीकार टी पेशींमुळे किंवा नव्याने तयार झालेल्या प्रतिपिंडांमुळे होतो. चिरकारी प्रकारात हृदयाच्या रोहिण्या आतून जाड होत अरुंद होतात.

केप टाउन येथे ३ डिसेंबर १९६७ रोजी क्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण केले. रुग्ण १८ दिवसांनी न्यूमोनियाने दगावला. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात प्र. कु. सेन यांनी केलेल्या प्रत्यारोपणातील रुग्ण काही तासच जगला. भारतातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण दिल्लीच्या एम्समध्ये पी. वेणुगोपाल यांनी १९९४ मध्ये केले. मधल्या काळातील मोठा बदल म्हणजे टी पेशींना आवरणारे सायक्लोस्पोरिन हे बुरशीजन्य औषध.

प्रतिरक्षेला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींच्या शोधाचा मान कोणाला द्यावा, याबद्दल मतभेद आहेत. अनेक ग्रंथ तो गर्शन व कोंडो यांच्या १९७०च्या सुमाराच्या ‘दमनकारी पेशीं’पासून मोजतात. मात्र त्या पेशींशी जोडलेले आय-जे जनुक अपेक्षित जागी नसल्याचे १९८०च्या दशकाच्या आरंभी दिसून आले आणि ती कल्पना जवळजवळ टाकून देण्यात आली. निशिझुका व साकाकुरा यांनी १९६९ मध्ये नवजात उंदरांची यौवनलोपी ग्रंथी (थायमस, जिथे टी पेशी घडतात) तिसऱ्या दिवशी काढली, तेव्हा त्यांचे अंडाशय नष्ट झाले. शिमोन साकागुची यांचे १९९५चे काम याच धाग्यातून आले. त्यात सीडी२५ या पेशीपृष्ठावरच्या खुणेने नियामक पेशी ओळखता आल्या. त्यामुळे १९६९चा प्रयोग मूळ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. हृदयाच्या संदर्भात आणखी एक नोंद सहसा दुर्लक्षित राहते : ब्रूस हॉल व सहकाऱ्यांनी १९९० मध्येच, सायक्लोस्पोरिन दिल्यावर परके हृदय टिकवून धरणाऱ्या उंदीरवर्गीय प्राण्यांत, सीडी२५ धारण करणाऱ्या संरक्षक पेशी दाखवल्या होत्या. यात एक पेच आहे. सायक्लोस्पोरिन इंटरल्यूकिन-२ या टी पेशींना वाढवणाऱ्या संदेशक प्रथिनाचे उत्पादन रोखते आणि नियामक पेशी त्याच इंटरल्यूकिनवर जगतात; म्हणजे हल्ला थांबवणारे औषध रक्षकांनाही उपाशी ठेवू शकते. नियामक पेशींवरील कामासाठी साकागुची, ब्रंको व रॅम्सडेल यांना २०२५चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. प्रत्यारोपित हृदयासाठी अशा पेशींचा उपचार अजून नेहमीच्या वापरात नाही.

निदान हृदयस्नायूचा सूक्ष्म तुकडा काढून होते. १९९० मध्ये ठरलेली व २००४ मध्ये सुधारलेली श्रेणीपद्धत त्यासाठी वापरतात.

विदर्भ : येथील अवयवदानाचे समन्वयन नागपूरच्या विभागीय केंद्रातून होते. काढलेले हृदय साधारण चार तासांत बसवावे लागते, म्हणून ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे वाहतूक थांबवून मोकळा केलेला रस्ता. ग्रामीण भागात खरी कसोटी शस्त्रक्रियेनंतर सुरू होते. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. त्यासाठी वारंवार रक्त चढवल्याने, तसेच बाळंतपणांमुळे, परक्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि जुळणारे हृदय मिळणे अवघड होते. प्रत्यारोपणानंतर क्षयरोग झाला तर रिफाम्पिसिन हे क्षयरोगाचे औषध यकृतातील विकरे वाढवून सायक्लोस्पोरिन व त्याच प्रकारच्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातील पातळी झपाट्याने खाली आणते. गावच्या आरोग्य केंद्रात गोळ्या सुरू करताना हे विचारलेच पाहिजे. नव्या हृदयाच्या चेता तुटलेल्या असल्याने छातीत दुखेलच असे नाही. अस्वीकार दम, थकवा, पायांवरची सूज या रूपांत येतो, आणि रोवणीच्या दिवसांत तो कामाचा शीण समजला जाण्याची भीती असते. सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस मूत्रपिंडांना जाचकही असतात. त्यामुळे मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, शरीरातील पाणी घटू न देणे आणि मूत्रपिंडांचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन तपासत राहणे हा उपचाराचाच भाग ठरतो.