बाटली आणि बाहुला : ‘द डमी’ची पार्श्वभूमी

‘द ट्वायलाइट झोन’ या दर भागात नवी अद्भुत कथा सांगणाऱ्या अमेरिकी मालिकेचा ‘द डमी’ हा भाग ४ मे १९६२ रोजी सीबीएस वाहिनीवर दाखवला गेला. ली पोल्क यांच्या अप्रकाशित कथेवरून रॉड सर्लिंग यांनी तो लिहिला होता. नाइट क्लबमध्ये प्रयोग करणारा जेरी हा शब्दभ्रमकार आपला बाहुला विली जिवंत असल्याचे सांगतो, त्याने आपल्याला चावा घेतल्याचे सांगतो, आणि प्रयोग संपताच बाटली काढतो. त्याच्या व्यावसायिक प्रतिनिधीच्या, म्हणजे फ्रँकच्या, मते हा सगळा दारूचा आणि बिघडलेल्या मनाचा खेळ आहे. जेरी पितो म्हणून विली बोलतो, की विली बोलतो म्हणून जेरी पितो, या प्रश्नाचे उत्तर भागात कुठेही सरळ दिलेले नाही. तो प्रश्न १९६२ मध्ये इतक्या नेमकेपणाने विचारता आला, यामागे दोन वेगवेगळ्या परंपरा आहेत.

पहिली परंपरा बोलक्या बाहुल्याची. अर्धवटरावांच्या मिश्किल बोलण्यावर वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला बाहुल्याची भीती वाटणे थोडे विचित्र वाटेल, परंतु पाश्चात्त्य चित्रपटात ही भीती बोलपटाइतकीच जुनी आहे. ‘द ग्रेट गॅबो’ (१९२९) या चित्रपटातला अहंकारी कलावंत स्वतःच्या तोंडाने बोलू न शकलेली माया बाहुल्याच्या तोंडून बोलतो. ‘डेड ऑफ नाइट’ (१९४५) या ब्रिटिश चित्रपटातल्या शब्दभ्रमकाराची हकीकत तर एक मनोविकारतज्ज्ञच सांगतो, आणि शेवटी त्या कलावंताच्या तोंडून बाहुल्याचाच आवाज निघतो. म्हणजे ‘ते मी बोललो नाही, तो बोलला’ हा बचाव या प्रकारात सुरुवातीपासूनच होता. सर्लिंग यांनी त्याच्याशेजारी बाटली ठेवली, आणि त्यामुळे त्या बचावाचा अर्थ पालटला.

दुसरी परंपरा मद्यासक्तीविषयीच्या बदलत्या समजुतीची आहे, आणि माझ्या मते भागाचा खरा गाभा तिथेच आहे. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात अमेरिकेत दारूकडे प्रामुख्याने नीती आणि कायदा यांचा प्रश्न म्हणून पाहिले गेले. १९३५ मध्ये ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे दारू सोडू पाहणाऱ्यांची परस्पर-मदत संघटना असलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सुरुवात झाली. दारूपुढे आपले काही चालत नाही ही कबुली तिने पहिली पायरी मानली. साहजिकच त्या कबुलीला दिलेला नकार हा आजाराचाच भाग ठरू लागला. १९३६ मध्ये मनोविश्लेषक अ‍ॅना फ्रॉइड यांनी मनाच्या संरक्षक यंत्रणांची पद्धतशीर मांडणी केली, तीत नाकारण्याच्या प्रवृत्तीचाही विचार होता. १९५६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मद्यासक्तीला आजार म्हणून मान्यता दिली, तर १९६० मध्ये मद्यासक्तीचे अभ्यासक ई. एम. जेलिनेक यांचा आजार-संकल्पनेवरील ग्रंथ आला. ‘द डमी’ पाहणाऱ्या प्रेक्षकाला ‘मी पीत नाही, मला प्यायला लावले जाते’ हे वाक्य कानांवर न पडताही ओळखता येत होते.

पात्रनिवडही या संदर्भात बोलकी आहे. जेरीची भूमिका करणाऱ्या क्लिफ रॉबर्टसन यांनी २ ऑक्टोबर १९५८ रोजी ‘प्लेहाउस ९०’ या दूरचित्रवाणी मालिकेतील ‘डेज ऑफ वाइन अँड रोझेस’ या नाटकात मद्यपी पतीची भूमिका केली होती. त्या नाटकातला पती अखेर कबुली देतो, पत्नीला ती देता येत नाही. बरोबर एका वर्षाने ‘द ट्वायलाइट झोन’ सुरू झाली. तिच्यात दारुडा बंदूकबाज, दारुडा ट्रम्पेटवादक आणि दारुडा सांताक्लॉज असे तिघे ‘द डमी’पूर्वीच येऊन गेले होते, आणि तिघांनाही अद्भुत शक्तीने हात दिला होता. जेरीच्या वाट्याला मात्र तो हात येत नाही.

आता अर्थ लावण्याचा प्रश्न. मद्यासक्तीत, विशेषतः पिणे अचानक कमी झाल्यावर किंवा थांबल्यावर, बाकी भान शाबूत असूनही दोषारोप करणारे आवाज ऐकू येणे ही वैद्यकाला परिचित अवस्था आहे, त्यामुळे फ्रँकची बाजू पोकळ नाही. जेरी विलीला पेटीत कोंडतो, दुसरा बाहुला घेतो, निघून जाण्याचा बेत करतो. स्वतःला सोडून बाकी सगळे बदलण्याची ही धडपड व्यसनी माणसाच्या घरच्यांना नवी वाटणार नाही. अंधारात तो विली समजून जो बाहुला फोडतो, तो दुसराच निघतो. इथवर सारे भ्रमाच्या हिशेबात बसते. अडचण शेवटच्या दृश्याची आहे : कॅन्सस सिटीच्या रंगमंचावर विली शब्दभ्रमकार झालेला आहे आणि त्याच्या मांडीवर जेरीच्या चेहऱ्याचा लाकडी बाहुला आहे. हे दृश्य जेरीच्या नजरेतून दाखवलेले नसल्यामुळे त्याला निव्वळ भास म्हणून बाजूला सारता येत नाही. ते शब्दशः घेतले तर फ्रँक चुकीचा ठरतो. रूपक म्हणून घेतले तर बाटलीने माणसाचा ताबा घेतल्याचे ते चित्र ठरते. मला दुसरे वाचन अधिक पटते, कारण पहिल्या वाचनात जेरीच्या पिण्याला कथेत काही कामच उरत नाही.

याच मालिकेने १९६४ मध्ये ‘सीझर अँड मी’ या भागात बोलका बाहुला पुन्हा आणला. तिथे बाहुला उघडपणे बोलतो आणि मालकाला चोरीला लावतो. शंकेला जागा देणारी बाटली तिथे नाही, आणि त्याच्या अर्थाबद्दल वाद घालावा असेही त्या भागात फारसे काही नाही.