पद्मिनीचा पत्रा आतून का सडतो

प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या मडगार्डाचा खालचा, दाराजवळचा कोपरा बोटाने चाचपून पाहा. रंगाखाली वाटाण्याएवढा फुगवटा हाताला लागला, तर तिथे पत्र्याचं काम निघालं असं समजा. फुगवटा खरवडला की तपकिरी-काळे पापुद्रे थराथराने सुटतात आणि स्क्रूड्रायव्हर हलकेच दाबला तरी आरपार जातो. बाहेर नाण्याएवढं भोक दिसत असलं, तरी आतल्या बाजूने पत्रा तळहाताएवढा सडलेला निघतो.

फियाट ११००वर बेतलेली ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात साडेतीन दशकं बनत होती. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. आता ज्या उरल्या आहेत त्या हौसेने सांभाळलेल्या, आणि त्यांचा पत्रा घरच्या अंगणात दुरुस्त करणारेही बरेच आहेत. या कामात हात चालायला हवा हे खरंच, पण त्याआधी गंज कसा चालतो हे कळायला हवं.

गंज ही विजेची प्रक्रिया आहे. ओल्या पत्र्यावर एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतात. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातून दुसऱ्या जागी जातात आणि तिथे पाणी व हवेतला ऑक्सिजन ते घेतात. गंमत अशी, की लोखंड झिजतं ते ऑक्सिजन कमी असलेल्या जागी. भरपूर ऑक्सिजन असलेली जागा शाबूत राहते. केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ उलिक इव्हान्स यांनी मिठाच्या पाण्याच्या एका थेंबावर हे दाखवून दिलं. घासून लख्ख केलेल्या पोलादी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा मोठा थेंब ठेवून तुम्हीही पाहू शकता. कडेला हवा सहज पोचते, मध्यभागी पोचत नाही. गंजाचं कडं उमटतं ते या दोहोंच्या मधे, आणि खड्डा पडतो तो थेंबाच्या पोटात.

आता मडगार्डाच्या आत साचलेला चिखल डोळ्यांपुढे आणा. चिखलाखाली ओल आहे, हवा नाही. दोन पत्रे एकमेकांवर चढवून जोडलेल्या सांध्यात तेच, दाराच्या तळाच्या दुमडीतही तेच. नेमक्या याच जागा आधी जातात. त्यात मुंबई-कोकणच्या हवेतलं मीठ. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. पावसाळ्यात किनाऱ्यावर तेवढी आर्द्रता रोजचीच, म्हणजे गाडी शेडमध्ये उभी असली तरी सांधे ओलेच. पत्र्यासाठी जुनी गाडी शोधायची, तर मी सोलापूर-नागपूरकडची आधी बघेन.

हे एकदा ध्यानात आलं की बाजारातली सर्वांत लोकप्रिय दुरुस्ती का टिकत नाही ते लगेच कळतं. फुगवटा घासायचा, वरून लांबी, म्हणजे खाचखळगे भरायची पुटी, भरायची, पॉलिश पेपर मारून रंग द्यायचा. या लांबीत शंखजिऱ्याची पूड असते, ती ओल शोषून धरते. गंज आतल्या बाजूला चालूच असतो, आणि लोखंडाचा गंज झाला की त्याचं आकारमान कितीतरी पट वाढतं. तो लांबीला खालून उचलतो. एक-दोन पावसाळ्यांत तोच फुगवटा परत येतो, थोडा मोठा होऊन. घासून, प्रायमर मारून झालेल्या घट्ट पत्र्यावर लांबीचा पातळ हात द्यायला हरकत नाही. भोक बुजवायला ती कधीच वापरू नये. जुनी गाडी विकत घेताना म्हणूनच खिशात लहानसं लोहचुंबक असावं. कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवलं की जाड लांबीच्या जागी ते चिकटत नाही.

पत्रा अजून घट्ट असेल आणि गंज वरवरचा असेल, तर वायर ब्रश आणि फॉस्फोरिक आम्ल यांवर काम भागतं. आम्ल गंजाचं रूपांतर लोहाच्या फॉस्फेटमध्ये करतं. गंज काळा करणारी जी औषधं मिळतात, त्यांत बहुधा टॅनिक आम्ल असतं. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो तो याच रसायनामुळे. पण ही औषधं वरून खाली झिरपत काम करतात, जाड पापुद्र्यांच्या तळाशी अडकलेल्या मिठापर्यंत पोचत नाहीत. त्यामुळे आधी पापुद्रे काढायचे, गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवायचं, पूर्ण वाळवायचं, मग औषध. आम्ल वापरलं असेल तर तेही धुऊन काढल्याशिवाय इपॉक्सी प्रायमर मारू नये, तो धरत नाही.

आरपार सडलेला भाग मात्र कापावाच लागतो, आणि कापायचा तो चांगला, चमकणारा पत्रा लागेपर्यंत. इथे कंजुषी केली की वेल्डिंग करताना कडा वितळून भोक वाढतच जातं. नवा तुकडा साधारण त्याच जाडीचा, २० गेजचा, म्हणजे जेमतेम ०.९ मिलिमीटरचा साधा सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेला, बिनमुलाम्याचा) पत्रा घ्यावा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड केला की जस्ताचा धूर होतो, तो छातीत गेला तर ताप भरतो. तसाच पत्रा वापरायचा असेल, तर मुलामा सांध्याजवळ घासून काढावाच.

वेल्डिंगमध्ये नवख्याचा पत्रा वाकडा होतो, त्यामागेही साधं भौतिकशास्त्र आहे. ३० सेंटिमीटरची पट्टी ५०० अंशांनी तापली तर जवळपास पावणेदोन मिलिमीटरने लांबते. आजूबाजूचा गार पत्रा तिला लांबू देत नाही, म्हणून तापून मऊ झालेला भाग जागच्या जागी दाबला जाऊन जाड होतो. निवताना तो आकसतो आणि शेजारचा पत्रा ओढून घेतो. पत्र्यावर लाटा उठतात. म्हणून सलग रेघ ओढायची नाही. एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, मधे हात लावता येईल इतकं निवू द्यायचं. चिकाटीचं काम आहे, पण पुढचे कितीतरी तास ठोकाठोकी वाचते.

दाराखालच्या लांब पोकळ पट्ट्यांचं काम घरी करायच्या मी विरोधात आहे. या गाडीला वेगळी चासी नाही, सांगाडा म्हणजे बॉडीच. आतून आधार न देता ती पट्टी कापली तर गाडी मधे बसते आणि दारं लागेनाशी होतात. ते काम अनुभवी डेंटरकडेच द्यावं. कुठेही वेल्डिंग करण्याआधी बॅटरी सोडवा. मागच्या बाजूला काम असेल तर पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवा. ग्राइंडर चालवताना चष्मा आणि चांगला मास्क हवाच, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं.

टाके घासून सपाट झाले की लोक थेट रंगाकडे वळतात. खरं तर आधी जोडाच्या मागच्या बाजूकडे वळायला हवं, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने तिथला जुना रंग जळालेला असतो आणि पत्रा उघडा पडलेला असतो. तिथे प्रायमर आणि त्यावर पातळ मेण लांब नळीच्या फवाऱ्याने पोचवावं. मेण सांध्यात झिरपतं आणि पाण्याला आत शिरू देत नाही. दाराच्या काचेच्या फटीतून पावसाचं पाणी आत जातच असतं. ते बाहेर पडावं म्हणून दाराच्या तळाशी लहान भोकं ठेवलेली असतात. मातीने ती बुजतात, कधी रंगारीच बुजवून टाकतात. मे महिन्यात एक तार घेऊन सगळी भोकं मोकळी करावीत आणि वरून तांब्याभर पाणी ओतून ते खाली निघतं का, तेही पाहून घ्यावं.