काच रंग देत नाही, काढून घेते

लाल काचेतून पाहिलं की सगळं लाल दिसतं, म्हणून काच प्रकाशाला रंग चढवते अशी बहुतेकांची समजूत असते. काच काहीच चढवत नाही. पांढऱ्या प्रकाशात साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) तरंगलांबीचे, म्हणजे जांभळ्यापासून लालपर्यंतचे, सगळे किरण असतात; लाल काच त्यातले निळे-हिरवे शोषून घेते आणि उरलेले पुढे सोडते. वस्तूही तेच करतात. हिरव्या पानाने परतवलेला हिरवा प्रकाश लाल काच अडवते, म्हणून तिच्यातून पान काळपट दिसतं.

रंगीत बाटलीतलं पाणी उन्हात ठेवल्यावर त्यात त्या रंगाचे ‘औषधी गुण’ उतरतात म्हणे! त्या पाण्याला साध्या बाटलीतल्या पाण्यापेक्षा कमीच ऊन मिळतं, एवढाच काय तो फरक.

खरी गंमत पिवळ्या रंगात आहे. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा पिवळा जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, ५८९ नॅनोमीटरचा असतो. मोबाइलच्या पडद्यावर मात्र पिवळा ठिपकाच नसतो. असतात ते लाल, हिरवे आणि निळे; लाल-हिरवे एकत्र पेटले की पिवळा दिसतो. तरी दोन्ही पिवळे आपल्याला सारखे दिसू शकतात, कारण डोळ्यातल्या शंकुपेशींना, म्हणजे रंग टिपणाऱ्या पेशींना, तरंगलांबी कळतच नाही. या पेशी तीन प्रकारच्या, अनुक्रमे ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील. प्रत्येक पेशी फक्त ‘मी किती उत्तेजित झाले’ एवढंच कळवते. म्हणजे प्रत्येक तरंगलांबीला दिव्याची तीव्रता, वस्तूची परावर्तकता (ती किती प्रकाश परतवते) आणि पेशीची संवेदनशीलता यांचा गुणाकार करायचा, सगळे गुणाकार मिळवायचे, की प्रत्येक प्रकारामागे एक आकडा मिळतो. अख्खा वर्णपट, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश याचा हिशेब, तीन आकड्यांत आटोपला! हे तीन आकडे जुळले की मेंदूच्या लेखी रंग एकच, मग मूळ वर्णपट कितीही वेगळे असोत.

दोन पिवळ्यांचं हे सोंग फिल्टरने उघडं पडतं. ६२० नॅनोमीटरच्या वरचेच किरण सोडणारा गडद लाल फिल्टर धरला, तर पडद्यावरचा पिवळा लाल होतो आणि सोडियमचा पिवळा जवळजवळ विझतो.

दिवा बदलला तरी हेच होतं. पांढऱ्या एलईडीत बहुधा ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश आणि त्यातला काही शोषून पिवळसर प्रकाश देणारा फॉस्फर नावाचा लेप असतो. मधल्या निळसर-हिरव्या पट्ट्यात प्रकाश तोकडाच. त्यामुळे वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली दोन कापडं एलईडीखाली तंतोतंत जुळू शकतात, आणि उन्हात नेली की एक हिरवटाकडे झुकू शकतं.