नाटकातील सुनीत

नाटकातील सुनीत : सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी नाटककारांनी, विशेषतः शेक्सपिअरने, संवादात गुंफलेली चौदा ओळींची पद्यरचना. महाविद्यालयात बहुधा नाटक एका प्रश्नपत्रिकेत आणि सुनीत दुसरीत, म्हणून विद्यार्थ्याला हे दोन प्रकार परस्परांशी संबंध नसलेले वाटतात. त्या काळच्या लंडनमध्ये तसे नव्हते.

सुनीत इटलीतून इंग्रजीत आणले कवी टॉमस वायटने. तीन चौकडे (चार-चार ओळींचे बंध) आणि शेवटी एक द्विपदी (दोन ओळींची जोडी) ही इंग्रजी मांडणी मात्र अर्ल ऑफ सरे या कवीची. यमकांची चणचण असलेल्या इंग्रजीला ती सोयीची पडली. १५९१ मध्ये कवी फिलिप सिडनीची सुनीतमाला मरणोत्तर छापली गेली आणि या प्रकाराचे पेवच फुटले.

शेक्सपिअरचे ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ (१५९७ मध्ये प्रथम मुद्रित) सुरूच होते सुनीताने. पण खरी करामत पहिल्या अंकातल्या मेजवानीत आहे. रोमिओ ज्युलिएटचा हात धरून स्वतःला यात्रेकरू आणि तिला पवित्र देवस्थान म्हणतो. हा पहिला चौकडा. दुसरा ज्युलिएटचा. त्यात ती त्याचे रूपक तर उचलतेच, शिवाय त्याच्या दोन ओळींची अखेरची यमके जशीच्या तशी परत वापरते. तिसऱ्यात दोघे ओळी वाटून घेतात, द्विपदीत एकेक ओळ म्हणतात आणि सुनीत पुरे होताच चुंबन होते. लगेच नवा चौकडा सुरू होतो. तो संपतो न संपतो तोच दाई येते : आईने बोलावलंय! एरवी सुनीतातली प्रेयसी मुकी असते, कवीच बोलत राहतो. इथे ती निम्मे सुनीत जवळजवळ हिसकावूनच घेते.

‘मच अडू अबाउट नथिंग’मध्ये हाच प्रकार थट्टेचा विषय होतो. प्रेम साफ नाकारणाऱ्या बेनेडिक आणि बिअॅट्रिस यांनी चोरून लिहिलेली सुनीते शेवटी सर्वांसमक्ष बाहेर येतात आणि दोघांची बोलती बंद होते.

शेक्सपिअरची स्वतंत्र १५४ सुनीते १६०९ मध्ये छापली गेली. ती ज्यांना उद्देशून आहेत तो तरुण मित्र कोण आणि सावळी स्त्री कोण, यावर अभ्यासकांनी गरजेपेक्षा जास्त शाई खर्च केली आहे. ही सुनीते पात्रांची स्वगते म्हणून वाचली तर अधिक खुलतात.

मराठीत हे दोन प्रकार वेगवेगळ्या वाटांनी आले : आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ १८८३ मध्ये केले, तर सुनीत केशवसुतांनी १८९२ मध्ये आणले, तेही नाटकातून नव्हे, कवितेतून.